गरोदर भगिनी, योगासने आणि आपली श्रद्धा

अहिल्यानगर जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांतून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. डॉक्टरांनी सूनबाईला योगासने करावयास सांगितली आहेत. ख्रिस्ती स्त्रीने ती करावीत काय? विचारणारी व्यक्ती बहुधा सासूबाई असते, कधी आई असते. जिच्या पोटात बाळ वाढत आहे ती स्वतः क्वचितच विचारते, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. एक श्रद्धेचा आणि दुसरा आरोग्याचा. एकाचे उत्तर दुसऱ्याला चिकटविले की गोंधळ होतो. धर्मगुरूने आसनांचे वैद्यकीय गुणदोष ठरवू नयेत आणि योगशिक्षकाने आत्म्याच्या तारणाविषयी बोलू नये. शिवाय एक तिसराही प्रश्न आहे, जो आम्हांस आजवर कोणीच विचारला नाही. त्याकडे आम्ही पुढे येऊ.

प्रथम श्रद्धेविषयी. ‘योग’ हा शब्द फार मोठा आहे. पतंजलींच्या अष्टांगयोगात आसन हे आठ अंगांपैकी केवळ एक अंग होय. यम-नियमांपासून समाधीपर्यंतच्या त्या वाटचालीमागे आत्मा आणि मोक्ष यांविषयीची एक संपूर्ण विचारप्रणाली उभी आहे. ती आणि ख्रिस्ती श्रद्धा एकच नव्हेत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ‘सगळे एकच’ असे म्हणणारे दोन्ही परंपरांवर अन्याय करतात. परंतु प्रसूतिगृहाच्या एखाद्या खोलीत सतरंजीवर जे शिकविले जाते, ते बहुतांशी या प्रणालीचे शारीरिक अंग असते आणि त्याला आजचे रूप मिळाले ते गेल्या शंभर वर्षांत. तेही बरेचसे आपल्या महाराष्ट्रात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा सार्वत्रिक व्यायाम म्हणून प्रसार केला. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेतील उपकरणांनी मोजण्यास आरंभ केला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, उशी, भिंत यांच्या आधाराने आजारी आणि अशक्त माणसांनाही आसने करता यावीत अशी पद्धत घडविली. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांच्या शरीरधर्माचा, विशेषतः गर्भारपणाचा, विचार करून त्या पद्धतीला वेगळे वळण दिले. गरोदर स्त्रीला आज जी आधारासहित आसने सांगितली जातात, त्यांतील पुष्कळशी या परंपरेचे देणे आहेत.

ख्रिस्तसभेची भूमिका काय? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे इतर धर्मांतील सत्य आणि पवित्र गोष्टींकडे आदराने पाहण्यास शिकविले. त्यानंतर १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, म्हणजे अविलाच्या संत तेरेजाच्या सणादिवशी, व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत मंडळाने ख्रिस्ती ध्यानप्रार्थनेविषयी जगभरच्या महागुरुस्वामींना एक पत्र धाडले. त्यावर मंडळाचे तत्कालीन प्रमुख कार्डिनल योसेफ रात्सिंगर, म्हणजे पुढील काळातील पोप बेनेडिक्ट सोळावे, यांची सही आहे. पौर्वात्य पद्धती सरसकट झिडकारू नयेत, त्यांतील उपयुक्त ते घ्यावे, मात्र ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप झाकोळू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्यातील एक इशारा आम्हांस फार मोलाचा वाटतो. आसन किंवा श्वसन यांमुळे शरीराला जी शांतता, ऊब, हलकेपणा जाणवतो, तीच पवित्र आत्म्याची सांत्वना होय असे समजण्याची चूक करू नये. गाढ झोपेनंतरही मन प्रसन्न होते; म्हणून झोपेला कोणी संस्कारविधी म्हणत नाही.

या बाबतीत ख्रिस्तसभेत सर्वत्र एकच सूर आहे असे मात्र नाही. केरळातील सिरो-मलबार ख्रिस्तसभेच्या सिद्धांत आयोगाने २०१८ साली योगाविषयी बराच कडक इशारा दिला होता. दुसरीकडे मुंबईचे फादर ज्यो परेरा हे अय्यंगारांचे शिष्य. त्यांनी १९८१ साली स्थापन केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’ने व्यसनमुक्तीच्या कार्यात आसने आणि प्राणायाम यांचा उपयोग केला, आणि २००९ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. आम्ही स्वतः या दोन मतांत मध्यम वाट चोखाळतो. शरीराचा व्यायाम म्हणून, श्वास सुधारण्यासाठी आणि कळा सोसण्याची तयारी म्हणून गरोदर कॅथलिक स्त्रीने आसने केल्यास तिच्या श्रद्धेला बाध येत नाही. संत पौलानेही तीमथ्याला लिहिताना शारीरिक कसरतीचा उपयोग थोडका का होईना मान्य केलेला आहे. वर्गात मंत्र म्हटले जात असतील आणि तिच्या मनाला ते रुचत नसतील, तर तिने नम्रपणे मौन पाळावे. त्यासाठी वर्ग सोडण्याचे किंवा शिक्षिकेशी वाद घालण्याचे कारण नाही. सूर्यनमस्कारांविषयी विचाराल, तर तेथे धर्माआधी वैद्यकशास्त्रच आडवे येते. त्यात शरीर पालथे जमिनीला टेकवावे लागते आणि पोट वाढू लागल्यावर ती स्थिती वर्ज्यच आहे.

श्वासाबरोबर प्रार्थना करणे आपल्याला परके आहे असेही कोणी मानू नये. आपल्या जिल्ह्यात कॅथलिक श्रद्धा रुजविण्यासाठी ज्या येशूसंघीय मिशनऱ्यांनी आयुष्य वेचले, त्यांचे संस्थापक लोयोलाचे संत इग्नास यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त प्रत्येक श्वासागणिक प्रार्थनेतील एकेक शब्द मनात धरण्याची पद्धत सांगून ठेवली आहे. सोळाव्या शतकातील ही गोष्ट. डाव्या कुशीवर निजून, संथ श्वासाबरोबर जपमाळेचे एक रहस्य म्हणणारी गरोदर स्त्री याच वाटेने चालत असते.

आता आरोग्याचा प्रश्न. गर्भारपणी स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपटीपर्यंत वाढते. वाढणारे गर्भाशय श्वासपटलाला सुमारे चार सेंटीमीटर वर ढकलते, म्हणून जिना चढताना धाप लागते. पोटाचा भार पुढे येतो, कमरेची कमान वाढते आणि पाठ दुखू लागते. रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकामुळे सांध्यांचे बंध सैल होतात. ही ढिलाई बाळाला वाट करून देण्यासाठी असते. परंतु तिच्यामुळेच आसनात अंग नेहमीपेक्षा अधिक वाकते आणि सांधा दुखावण्याचा संभव वाढतो. ‘मला आता पूर्वीपेक्षा चांगले जमते’ असे जिला वाटते, तिने अधिक जपावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार, ज्यांना वैद्यकीय अडचण नाही अशा गरोदर स्त्रियांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. रोज अर्धा तास धरला तर आठवड्यातील पाच दिवस. भराभर चालणे हा त्यांतील सर्वांत सोपा मार्ग, आणि गरोदर स्त्रीला सोसतील असे बदल केलेली योगासने हाही एक मान्य मार्ग आहे. भिंतीच्या आधाराने ताडासन, तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडण्याचे बद्धकोनासन, हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन पाठ वर-खाली करण्याचे मार्जारासन, ही सर्वसाधारणपणे सोसणारी आसने होत. मार्जारासनाने कमरेवरील ताण हलका होतो आणि बद्धकोनासनाने जांघांचे स्नायू मोकळे होतात. ‘चक्कीचालन’ नावाचाही एक प्रकार आहे. पाय पसरून बसावयाचे आणि दोन्ही हात गुंफून जाते ओढल्यासारखे गोल फिरवावयाचे. आपल्या आज्यांनी पहाटे ओवी म्हणत जे केले, ते आता नातीला वर्गात शिकविले जाते! अर्थात पोट मोठे झाल्यावर हेही बेतानेच करावे.

श्वसनात संथ, खोल श्वास, श्वास न कोंडता केलेला अनुलोम-विलोम आणि भ्रामरी योग्य. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरण्याचे सर्व प्रकार टाळावेत. शीर्षासन व सर्वांगासनासारखी उलटी आसने, पालथी आसने, पोट पिळणारी आसने, उड्या, उष्ण खोलीतील व्यायाम हे सारे वर्ज्य. विसाव्या आठवड्यानंतर फार वेळ उताणे निजू नये, कारण शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी नीला गर्भाशयाच्या भाराखाली दबते आणि घेरी येते. शवासन डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन करावे. आसन करताना बोलता येत असेल तर श्रम बेताचे आहेत. बोलता येईनासे झाले की थांबावे.

काही भगिनींनी डॉक्टरांच्या स्पष्ट अनुमतीवाचून आसनांच्या वाटेला जाऊच नये. अंगावरून रक्त जात असेल, सोनोग्राफीत वार खाली असल्याचे सांगितले असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तदाब वाढून पायांवर व चेहऱ्यावर सूज आली असेल, दिवस भरण्यापूर्वीच कळा येत असतील, हृदयविकार असेल किंवा रक्त फारच कमी असेल, तर योगशिक्षिका कितीही अनुभवी असली तरी तिचा शब्द अखेरचा नव्हे. जुळी असल्यास किंवा पूर्वी गर्भपात झाला असल्यासही आधी विचारावे. आसने करताना रक्त किंवा पाणी जाऊ लागले, छातीत दुखले, डोके गरगरले, पिंडरी सुजून दुखू लागली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सतरंजी तेथेच सोडून दवाखाना गाठावा.

याचा लाभ होतो याला पुरावा काय, असे आपल्यातील शिक्षकमंडळी विचारतील. बंगळुरू येथे ३३५ गरोदर स्त्रियांच्या दोन गटांची तुलना करण्यात आली आणि तिचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने रोज तासभर आसने, श्वसन व ध्यान केले, दुसऱ्याने दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास चालण्याचा व्यायाम केला. पहिल्या गटात अडीच किलोंहून अधिक वजनाची बाळे अधिक जन्मली आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती कमी झाली. मात्र हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे श्रेय सर्वस्वी योगालाच देता येत नाही. पाठदुखी, झोप आणि मनातील भीती यांवर योगाचा चांगला परिणाम होतो असे म्हणण्यास आधार आहे. योग केला म्हणजे शस्त्रक्रिया टळेलच, असे वचन जो देतो त्याच्यापासून मात्र सावध राहावे.

आता तो तिसरा प्रश्न. ही आसने करण्यास तिला अर्धा तास मिळतो काय?

आपल्या जिल्ह्यात प्रवरेकाठी उसाचे मळे आहेत, साखर कारखाने आहेत, आणि त्याच जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावसारख्या कोरड्या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्याही आहेत. आपल्या श्रद्धावंतांपैकी अनेकांचे पोट शेतमजुरीवर चालते. सातव्या महिन्यात मोळी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या, कांदा काढताना दिवसभर उकिडव्या बसणाऱ्या, दोन हंडे पाणी आणणाऱ्या स्त्रीविषयी घरात सर्रास बोलले जाते की तिला कशाला हवा योग, तिचा व्यायाम होतोच आहे. हे म्हणणे चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचे आपल्या शेजारीच सिद्ध झालेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळील सहा खेड्यांतील सुमारे आठशे गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या स्त्रियांना शेतात व घरात अधिक कष्ट पडले, त्यांची बाळे जन्मतः लहान भरली. त्याच अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या आहारात वारंवार होते, त्यांची बाळे अधिक चांगली भरली.

व्यायामात स्त्री स्वतःच्या गतीने हालते आणि थकली की थांबते. मजुरीत तिची गती मुकादम ठरवितो आणि थांबले की रोज बुडतो. म्हणून श्रीरामपूर किंवा संगमनेर शहरात दिवसभर खुर्चीवर काम करणाऱ्या शिक्षिकेला आम्ही सांगू की, बाई, उठा आणि आसने करा. परंतु शेतावर राबणाऱ्या भगिनीला आम्ही सांगू की, प्रथम पडून राहा. तिच्यासाठी पहिले आसन म्हणजे दुपारी डाव्या कुशीवर तासभर विश्रांती. त्यानंतर दहा मिनिटे मार्जारासन व संथ श्वसन झाले, तर तिच्या ताठलेल्या कमरेला त्याचा उपयोगच होईल. आणि तो तास तिला मिळावयाचा तर हंडा दुसऱ्या कोणाला तरी उचलावा लागेल. हे वाक्य आम्ही घरातील पुरुषांसाठी लिहीत आहोत. पवित्र मरिया गरोदर एलिझाबेथकडे डोंगराळ मुलखातून गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली, असे संत लूक सांगतो. त्या तीन महिन्यांत घरातील कामे कोणी केली असतील, याची कल्पना आपण करू शकतो.

अन्नाची गोष्ट याला जोडूनच आहे. गर्भारपणी अधिक खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते, हा समज ग्रामीण भागात फार खोल होता आणि अद्याप पुरता गेलेला नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि त्या सेविकांनीच गरोदर स्त्रियांची काळजी, सुरक्षित बाळंतपण आणि सकस आहार यांविषयीची जाण घरोघर नेली. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या स्त्रियांकडे पाटी-पेन्सिल नव्हती त्यांनी हे केले, हे आम्हांस विशेष वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९ ते २०२१ या काळात देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. असे असताना २०१७ साली केंद्राच्या आयुष खात्याखालील एका परिषदेने प्रसिद्ध केलेल्या योग व निसर्गोपचारविषयक पुस्तिकेत गरोदर स्त्रियांना मांसाहार टाळण्याचा सल्ला होता. डॉक्टरांनी त्यावर उघड टीका केली, आणि हे केवळ सुचविणे आहे असा खुलासा सरकारकडून झाला. आपल्या घरांत अंडी, मासे, मटण वर्ज्य नाहीत. योगाच्या वर्गात कोणी सांगितले म्हणून ते बंद करण्याचे कारण नाही. उलट रक्त वाढण्यास त्यांचा हातभारच लागतो. ज्या भगिनी शाकाहारी आहेत त्यांनी डाळी, पालेभाज्या व लिंबू यांकडे लक्ष द्यावे. चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी किमान १८० दिवस घ्यावयाची असते. ती चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. गोळीने शौचास काळे होते, त्याने घाबरू नये. कोणतेही आसन या गोळीची जागा घेऊ शकत नाही.

‘गर्भसंस्कार’ या नावाने जे अनेक वर्ग चालतात त्यांविषयीही दोन शब्द. आईने आनंदी राहावे, चांगले वाचावे, ऐकावे, बाळाशी बोलावे, याला कोण नाही म्हणेल? परंतु अमुक आसनाने गोरे, अमुक मंत्राने हुशार आणि अमुक उपायाने मुलगाच होईल असे जेथे सांगितले जाते, तेथून उठून यावे. मुलगा किंवा मुलगी हे पित्याच्या बीजावर ठरते आणि गर्भ राहतो त्याच क्षणी ठरून गेलेले असते. हरेगावला मतमाउलीच्या चरणी बाळासाठी नवस बोलणाऱ्या कित्येक भगिनी आम्ही पाहतो. तो नवस ‘मुलगाच’ असा बोलला जातो तेव्हा मनाला वाईट वाटते. सप्टेंबरातील त्या यात्रेत आपण जिच्या जन्माचा सण साजरा करतो, ती अन्ना आणि योआकीम यांची मुलगीच होती.

ज्या भगिनींना आरंभ करावयाचा आहे त्यांनी पहिले तीन महिने उलटल्यावर, तपासणी करून आणि प्रशिक्षित शिक्षिकेकडून शिकूनच तो करावा. चित्रफीत पाहून एकटीने नवे आसन करू नये. अनेक गावांतील उपकेंद्रे आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या नावाने चालतात आणि तेथे योगाचे वर्ग घेण्याचीही योजना आहे. आशाताईंकडे चौकशी करावी. दरमहा ९ तारखेस शासकीय दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर मातांची विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशी रक्तदाब व हिमोग्लोबिन पाहून आसनांविषयी डॉक्टरांस तेथेच विचारता येईल. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी माता व बाल संरक्षण कार्ड आणि पुरेशा लोहाच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात. टोळीचा मुक्काम जेथे पडेल, तेथील उपकेंद्रात ते कार्ड दाखवून पुढील तपासणी करून घेता येते.